चौतीस पावलांचा रस्ता

"वरून घेऊ की खालून?"

विमानतळाकडे निघालं की हायवे सोडता सोडता टॅक्सीवाले आता हे विचारतात. वरून म्हणजे नवा उंच रस्ता. त्यावर सिग्नल नाही, दुकान नाही, आडवा येणारा माणूस नाही. बघता बघता तो तुम्हाला विमानतळाच्या दारात नेऊन सोडतो. खालून म्हणजे सहारचा जुना रस्ता. शहाणी माणसं वरून जातात. मी दरवेळी खालून म्हणते आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे एकदा बघून घेतो. परवा लेकीकडे बंगळूरला निघाले होते. भांडुपचा तरुण ड्रायव्हर होता, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, मॅडम, खाली हॉटेलांपाशी एक सिग्नल लागतो, फुकट थांबवतो, कोणी क्रॉसपण करत नाही. मी म्हटलं, लागू दे, वेळ आहे माझ्याकडे.

खरं तर फारसा नव्हता. पण ऑक्टोबर होता, आणि ऑक्टोबरात मी त्या रस्त्याला टाळून गेले तर मला दिवसभर चुकल्यासारखं होतं.

ह्या महिन्याला मुंबईत मराठी नाव नाही. आश्विन वगैरे कॅलेंडरच्या पानावर असतो. अंगाला लागते ती ऑक्टोबर हीट. पाऊस गेलेला असतो आणि थंडी यायचं नावही काढत नाही. रस्त्याकडेचं गवत वरून पिवळं आणि बुडाशी अजून ओलं असतं, त्याचा एक उबट वास येतो. दसऱ्याची झेंडूची तोरणं दारावर वाळून खडखडत असतात, हातगाड्यांवर सीताफळं येतात आणि दुपारी कुठल्यातरी खिडकीतून चकलीच्या भाजणीचा वास येऊन उगाच भूक लावून जातो. ह्या सगळ्यात तापलेल्या डांबराचा वास मिसळला की मी पुन्हा वीस वर्षांची होते आणि माझ्या मांडीवर चिमट्याची लाकडी पाटी येते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सहारला आंतरराष्ट्रीय विमानांसाठी नवी मोठी इमारत झाली होती, पण तिथे जायचा रस्ता मात्र गावठाणातून वळणं घेत जाणारा जुनाच होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जगभरची विमानं उतरायची आणि त्यांची माणसं म्हशींच्या मागे अडकायची. हा रस्ता रुंद करायचा ठरलं होतं. त्याआधी त्यावरून रोज काय काय जातं ते मोजून हवं होतं, आणि मोजायचं काम एका खासगी सल्लागार कंपनीला मिळालं होतं. आमच्या कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी लागली: वाहनगणतीसाठी मुलं-मुली हवीत, आठ दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी घाटकोपरची आणि माझी मैत्रीण करुणा मुलुंडची. सहामाही परीक्षा नुकतीच संपली होती, घरात बसलो असतो तर फराळाला जुंपलं असतं. आम्ही दोघींनी नावं दिली.

काम सोपं होतं. रस्त्याच्या कडेला लोखंडी खुर्चीवर बसायचं, डोक्यावर छत्री धरायची आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची काडी मारायची. चार उभ्या काड्या, पाचवी तिरकी, की झाली एक जुडी. कागदावर रकाने आखलेले असायचे: मोटारी, टॅक्सी, रिक्षा, बस, ट्रक, स्कूटर, सायकल, हातगाडी. आणि सगळ्यात शेवटी, कागद संपता संपता राहिलेल्या अरुंद जागेत, पादचारी. दर पंधरा मिनिटांनी खालची ओळ धरायची. आमच्यावर सामंतसाहेब म्हणून इंजिनीयर होते, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पट्टी. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं की जे दिसेल ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही, आणि जेवायला दोघींनी एकदम उठायचं नाही.

पण जे दिसायचं ते रकान्यात बसेलच असं नव्हतं. बैलगाडी कुठे धरायची? उसाच्या रसाचं अख्खं गुऱ्हाळ चाकांवर चाललंय, ते हातगाडीत की वाहनात? एकदा मयत गेली. मी पाटी खाली ठेवून हात जोडले. करुणाने हात जोडले आणि मग काड्या मारल्या. म्हणाली, खांदेकरी आणि मागचे धरले, वरचा चालत नव्हता. करुणा अशीच होती. तिचे वडील सोलापूरकडून येऊन मुलुंडच्या कारखान्यात लागले होते, आणि हिशोबाच्या बाबतीत फसवणूक म्हणजे काय ते त्यांच्या घरात पुरतं माहीत होतं. त्यामुळे तिच्या काड्या सरळ असायच्या. माझ्या थोड्या वाकड्या.

एक माणूस मला अजून आठवतो. दुपारी रस्ता असा तुंबला होता की टॅक्स्यांची इंजिनं बंद करून ड्रायव्हर खाली उतरले होते. त्यातल्या एका टॅक्सीतून तो उतरला. नवा सफारी, गळ्यात झेंडूचा जाड हार, कपाळावर ओला टिळा. आखातात कामाला निघालेला असणार. त्याने सुटकेस डोक्यावर घेतली, पासपोर्टचं पाकीट दातांत धरलं आणि विमानतळाच्या दिशेने पळत सुटला. हारातल्या पाकळ्या मागे पडत होत्या. मागून त्याची बायको असावी, ती थोडं पळाली आणि थांबली. करुणाने विचारलं, ह्याला टॅक्सीत धरू की पादचाऱ्यांत? आम्ही दोन्हीकडे धरला. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या माणसाला विमान मिळालं की नाही हे मला कधीच कळलं नाही, आणि त्याचं वाईट वाटायचं राहत नाही.

आमच्या खुर्च्या होत्या तिथे मागे एक वाडी होती. कवठीचं एक जुनं झाड, म्हणून कवठीची वाडी. साठ-सत्तर घरं, बरीचशी कोकणातली. वाडी रस्त्याच्या अलीकडे आणि वाडीला लागणारं सगळं पलीकडे: शाळा, दवाखाना, बसचा थांबा, आणि विमानातल्या जेवणाचं ते मोठं स्वयंपाकघर, जिथे वाडीतल्या दहाबारा बायका कामाला होत्या. दिवसातून चार-चार वेळा माणसं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची.

इंदूमावशी त्यातलीच. वेंगुर्ल्याकडची, पन्नाशीला आलेली, विधवा. स्वयंपाकघरात तिचं काम एकच होतं: काटा, सुरी, चमचा एकत्र करून कागदी रुमालात गुंडाळायचा. दिवसभर तेच. ती स्वतः हाताने जेवायची आणि विमानात कधी बसली नव्हती. काट्याने भात खाणारी माणसं बघायची तिची फार इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी हाच रस्ता ओलांडताना एका टॅक्सीने तिला उडवलं होतं, तेव्हापासून डावा गुडघा वाकत नव्हता. ती पाय बाजूने फिरवून टाकायची, आणि तिचं पाऊल आपल्या अर्ध्याएवढं पडायचं. कामावर तीनदा उशीर झाला की नाव कापायचे. तिच्या नावापुढे एक उशीर आधीच लागला होता.

पहिल्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत घरी आली असताना, ती ताटलीत पोहे घेऊन आली. "बस गो चेडवा, उन्हात कित्याक रवतंस? हय सावळी आसा." तेव्हापासून आमचं जेवण तिच्या ओटीवर. वाडीवरून विमानं इतकी खालून जायची की पत्रे थरथरायचे. वाडीतल्या लोकांनी त्यावर उपाय काढला होता. विमान आलं की बोलणारा माणूस होता तिथे थांबायचा, वाक्याच्या मधोमध, कधी शब्दाच्याही मधोमध, आणि एक बोट वर करून धरायचा. म्हणजे माझं संपलेलं नाही. विमान गेलं की बोट खाली आणि राहिलेला शब्द पुढे चालू. भांडणंसुद्धा अशीच व्हायची. दोन बायका कमरेवर हात ठेवून, एकेक बोट वर करून, गप्प उभ्या आहेत असं दृश्य पाहून मी पहिल्यांदा हसले होते. आठव्या दिवशी माझंही बोट आपोआप वर जायला लागलं.

तिसऱ्या दुपारी तिने विचारलं की तुम्ही दिवसभर मोजता तरी काय. मी पाटी दाखवली. तिला अक्षरं येत नव्हती, पण शेवटचा रकाना मी बोटाने दाखवला आणि म्हटलं, ह्यात तुम्ही. रस्ता ओलांडणारे. मग मी पुढे जे बोलले ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, ह्यात जितक्या जास्त काड्या, तितकं तुमच्या बाजूचं. रस्ता मोठा होईल तेव्हा तुमच्यासाठी इथे सिग्नल ठेवतील, पट्टे मारतील.

मला खरंच तसं वाटत होतं. माणसं मोजतात ती माणसांसाठीच, ह्यापलीकडे माझी अक्कल गेलीच नव्हती.

मावशीने त्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि एकच माणूस चार वेळा गेलो तर?" मी म्हटलं, चार काड्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मला पहिल्यांदा जाणवलं. डोक्यावर कळशी घेतलेली एक बाई पलीकडे गेली आणि थोड्या वेळाने तीच कळशी घेऊन परत आली. मग पुन्हा गेली. कळशी रिकामी होती. तिच्यामागे एक म्हातारी पाटावरवंट्यातला नुसता वरवंटा घेऊन गेली आणि आली. मग दोघी जावा, मग पेन्शनीतले एक आजोबा पेपर वाचत. अकरापर्यंत अख्खी वाडी रस्त्यावर होती. ज्यांना पलीकडे काही काम नव्हतं ते पलीकडे जाऊन कवठीच्या झाडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि परत यायचे. घरातली कामं टाकून, चुलीवरचं उतरवून, ती माणसं त्या उन्हात रस्ता ओलांडत होती. जाताना प्रत्येकजण माझ्याकडे बघायचा, मी काडी मारली ना हे पाहायला. इंदूमावशीची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. तीही आपला पाय फिरवत गेली आणि आली, सात वेळा. मी प्रत्येक वेळी काडी मारली.

करुणाला हे मान्य नव्हतं. हळू आवाजात, पण ती माझ्यावर चांगलीच उखडली. म्हणाली, हे बोगस आहे यार, ते कामासाठी जात नाहीयेत. मी म्हटलं, सामंतसाहेब काय म्हणाले, दिसेल ते लिहायचं, मला दिसतंय. टॅक्सीतला माणूस आपण दोन वेळा धरला तेव्हा? दुपारनंतर तिनेही काड्या मारल्या. शेवटचा रकाना इतका भरला की काड्या समासात गेल्या. वाडी ओलांडत होती तेवढा वेळ गाड्या थांबत होत्या, हॉर्न वाजत होते, रांग हायवेपर्यंत गेली होती. ती रांगही आम्ही इमानेइतबारे लिहिली. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी मावशीने नारळाची वडी दिली. उरलेले दिवस वाडीने जमेल तसं ओलांडणं चालू ठेवलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जानेवारीत कामाचं प्रमाणपत्र आणायला मी त्या कंपनीच्या कचेरीत गेले, तर टेबलावर रस्त्याचा नकाशा पसरलेला होता. निळा छापील कागद, त्याला तो अमोनियाचा झोंबणारा वास. मी वाडी शोधली. वाडीपुढून रस्त्याच्या मधोमध एक जाड रेघ गेली होती, हायवेजवळच्या चौकापासून थेट विमानतळापर्यंत, कुठेही न तुटता. शेजारी बारीक अक्षरात शेरा होता. ह्या ठिकाणी पादचाऱ्यांची वर्दळ प्रचंड आहे, त्यामुळे वाहनांचा वेग फार मंदावतो, तरी सलग उंच लोखंडी कठडा आवश्यक.

मी सामंतसाहेबांना विचारलं की आमचा शेवटचा रकाना कशासाठी होता. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "अडथळ्यांसाठी, बाळ. गाड्या कशाकशाने अडतात ते पाहायला. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. प्रमाणपत्र घेतलं आणि घरी आले. मग मी तेच केलं जे भित्री माणसं करतात. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून बस जायची तेव्हा सहारचा फाटा दिसू नये म्हणून मी खिडकीची जागा सोडून आत बसायचे. वाटायचं, जावं आणि सांगावं. पण काय सांगावं? तुम्ही दिवाळीची कामं टाकून उन्हात जे चाललात त्याचा तुमच्याभोवती कठडा झाला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? करुणा दोनदा म्हणाली, चल, जाऊन येऊ. मी अभ्यासाचं निमित्त सांगितलं.

पुढच्या ऑक्टोबरात करुणाने मला विचारलंच नाही. हाताला धरून बसमध्ये बसवलं. रस्ता ओळखू येईना इतका रुंद झाला होता. काळा, गुळगुळीत, गाड्या सुसाट जात होत्या, आणि टॅक्सीतली हार घातलेली माणसं आता आरामात बसून चालली होती. हे चांगलंच झालं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मधोमध छातीएवढा कठडा, वर भाल्यासारखी टोकं. पलीकडे जायचं तर वर चौकापर्यंत जायचं, तिथे ओलांडायचं आणि तेवढंच परत खाली यायचं.

मावशीची त्या दिवशी सुट्टी होती, ती ओटीवर बसली होती, गुडघ्याला फडकं बांधून. दोन उशीर झाले होते, तिसऱ्याची वाट. मी चप्पल न काढता तिथेच उभी राहून म्हटलं, मावशी, त्या काड्यांमुळे हा कठडा आला, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आणि मी हे बोलत असतानाच विमान आलं. माझं तोंड हलत राहिलं आणि तिचं बोट वर गेलं. पत्रे थरथरले. विमान गेल्यावर ती म्हणाली, काय म्हटलंस? एका जन्मात एकच गोष्ट दोनदा कबूल करायला लागणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. ह्या वेळी रडतच.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या काडयेन कठडो इलो? तेंच्या कागदार तो आदीच होतो गो." असेल किंवा नसेल. मला ते आजही माहीत नाही, आणि तिलाही माहीत नसणार. माझी समजूत घालायला ती तसं बोलली असेल. पण तिचा आवाज काही समजूत घालणाऱ्याचा नव्हता. ती कठड्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी होती. मग भिंतीला धरून ती उठली.

"मोजूक येता मां तुका? मगे चल. आता ह्यां मोज."

करुणाच्या पिशवीत गणतीचे उरलेले कोरे कागद होते, ती त्यांवर नोट्स काढायची. मी एक घेतला. मावशी पुढे, मी तिच्या मागे आणि करुणा छत्री धरून. दुपारच्या उन्हात आम्ही वाडीच्या तोंडापासून चौकाकडे निघालो, आणि तिच्या प्रत्येक पावलाला मी एक काडी मारत गेले. शेवटच्या रकान्यात. तो कधीच भरला. मग हातगाडीचा घेतला, मग सायकलचा, स्कूटरचा. मावशी तीन ठिकाणी थांबली, एकदा विजेच्या खांबाला टेकली. थांबली की काडी थांबवायची आणि निघाली की पुढे चालू. मी ट्रक, बस, रिक्षा, टॅक्सी भरत आले. मोटारींचा रकाना संपायच्या आत आम्ही त्या स्वयंपाकघराच्या फाटकापाशी पोहोचलो. एकोणीसशे बावन्न पावलं. मावशीचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. समोर, कठड्यापलीकडे, तिची ओटी दिसत होती, ओटीवरचं फडकं दिसत होतं, हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

दुपारी रस्ता जरा ओस पडल्यावर करुणाने एक आडदांड काम केलं. परकर-साडी नव्हे, पॅन्ट घातली होती तिने, ती कठड्यावरून चढून गेली आणि मावशीच्याच पावलांनी, पाय फिरवत, कडेपासून कडेपर्यंत रस्ता मोजला. चौतीस.

अर्ज मी लिहिला. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि त्याला तो काड्यांचा कागद टाचला. सामंतसाहेबांकडेच नेऊन दिला, कारण दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. त्यांच्याच रकान्यांचा कागद तो, त्यांनी ओळखला.

"हे सगळे पादचारी?"

"एकच बाई," मी म्हटलं. "एकदाच. फक्त जायचं. यायचं धरलेलं नाही."

त्यांनी खिशातून पट्टी काढली, कागदावर ठेवली, परत खिशात घातली. मग म्हणाले, मी वर पाठवतो, पुढचं माझ्या हातात नाही. आणि त्यांनी तो खरंच पाठवला असावा, कारण नंतर दोनदा माणसं येऊन फीत लावून रस्ता मोजून गेली.

सिग्नल आला, पण वरातीमागून घोडं. वर्ष उलटून गेलं होतं आणि मावशीचं नाव त्याआधीच कापलं गेलं होतं. पाऊस चालू असताना एका सकाळी गुडघा उचललाच नाही, आणि तिसरा उशीर झाला. त्यानंतर ती घरीच वाती वळायची. मी हे गोड करून सांगू शकत नाही. तिचं काम गेलं, त्यात माझा वाटा किती ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे, आणि उत्तर दरवेळी वेगळं येतं.

तरी कठडा तिथे तोडला, पांढरे पट्टे मारले, दिवे लावले, तो दिवस वाडीने सणासारखा केला. सिग्नलच्या खांबाला हळदकुंकू वाहिलं, बुंध्याशी नारळ फोडला. पहिलं ओलांडायचा मान इंदूमावशीचा. पलीकडे तिला आता काही काम नव्हतं, पण ती नवी साडी नेसून आली. गाड्यांना लाल झालं. ती उतरली. मी आणि करुणा कडेला उभ्या राहून मनात मोजत होतो. सव्विसाव्या पावलाला दिवा हिरवा झाला. धडधाकट माणसांच्या हिशोबाने लावलेला दिवा तो. टॅक्स्या गुरगुरल्या, हॉर्न सुरू झाले. मावशी रस्त्यात उभी राहिली, गाड्यांकडे वळली आणि तिने बोट वर केलं, विमान आल्यावर करायची तसं. मग बोट तसंच धरून उरलेली आठ पावलं आपल्या चालीने चालली. एकही गाडी हलली नाही. पलीकडे पोहोचल्यावर तिथूनच ओरडून म्हणाली, "दिवो माझ्यापेक्षा घाईत आसा."

पुढे ती भावाकडे वेंगुर्ल्याला गेली आणि तिथेच वारली. कवठीची वाडीही आता नाही. तिथे काचेची हॉटेलं आहेत आणि त्यांतली माणसं रस्ता ओलांडत नाहीत, गाडीतून उतरून गाडीतच बसतात. करुणा मात्र रस्त्यांच्याच कामात शिरली, सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाली. तिच्या खालच्या मुलांना ती पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायची म्हणे: हा रकाना कशासाठी आहे, ते विचारलंत का? आता तर खांबावरचे कॅमेरे मोजतात. त्यांच्या काड्या सरळ असतात.

परवा आम्ही खालून गेलो. ड्रायव्हर म्हणाला होता तसा सिग्नल लागलाच. दुपारचं ऊन, रस्ता मोकळा, पट्ट्यांवर चिटपाखरू नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे, बघा म्हटलं होतं ना अशा नजरेने. मी पट्ट्यांकडे बघत होते. डावा पाय बाजूने फिरवून, अर्धं अर्धं पाऊल टाकत, मनात मोजत होते. दहा. सोळा. वीस. पंचविसाला ड्रायव्हरने गिअर टाकला. सव्विसाला दिवा हिरवा झाला.

माझं बोट आपोआप वर गेलं.

"थांब रे जरा," मी म्हटलं. "अजून आठ आहेत."

त्याने रिकाम्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे. मागून हॉर्न सुरू झाले. काय वाटलं त्याला कोण जाणे, पण त्याने ब्रेकवरचा पाय उचलला नाही.